मन्मथअप्पांचा फुरसतनामा

"सत्तेचाळीस. मास्तर, लिहा तुम्ही, सत्तेचाळीस. एक दिवस जास्त न्हाय."

चावडीपुढच्या लिंबाखाली उभे राहून मन्मथअप्पा ओरडत होते. एका हातात हैदराबादचा लखोटा, दुसऱ्या हातात छत्री, आणि मागं बैलगाडीत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा. शिकंजा एवढा अवजड, की बैल वाटेत दोनदा बसले होते म्हणे. अप्पांचा आवाज तर असा, की ते आमच्या बेंबळीत शिंकले तर येरमाळ्याच्या डोंगरावर येडाईच्या देवळातली घंटा हलायची. मी स्वतः ती हललेली पाहिली नाही, पण पाहिलेल्या माणसाला ओळखणारा एक माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

"अप्पा," पाटील चावडीच्या पायरीवरून म्हणाले, "सरकार म्हणतंय पंचावन, तुमी म्हणता सत्तेचाळीस. मधलं धरा. एकावन करून टाका आन् घरला जावा."

"वय हाय, पाटील. बाजारातली शेळी न्हाय."

"शेळीचं बरं असतंय. दात बघता येतात."

अप्पांनी खरोखरच जबडा उघडला. पाटील उठले, पायरी उतरले, वाकून आत बघितलं, एका दाढेवर नखानं टकटक केलं आणि सगळ्या गावाकडं वळून म्हणाले, "दातावरून तर चाळिशीच्या आतलंच दिसतंय. पर कागदावर शिक्का न्हाय."

गाव हसलं. अप्पा हसले नाहीत. कारण ज्या गोष्टीची त्यांनी उभ्या आयुष्यात तयारी केली होती, ती गोष्ट आठ वर्षं आधी येऊन दारात उभी राहिली होती.

सांगतो. घाई करू नका. अप्पांना घाई आवडायची नाही.

मन्मथअप्पा हैदराबादच्या विद्यापीठात जिल्दसाज होते. म्हणजे पुस्तकं बांधायचे. विद्यापीठ नवं नवं निघालं तेव्हा लागले, ते बावीस वर्षं तिथल्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सरस, दोरा आणि कातडं घेऊन बसले. बायको, गंगाक्का, इथं गावात. रान होतं, अंथरुणाला खिळलेली सासू होती, आणि अप्पांची हैदराबादची खोली एवढी लहान, की कूस बदलायची झाली तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागायची. त्यामुळं अप्पा वर्षातून दोनदा यायचे, चैत्रात येडाईच्या यात्रेला आणि दिवाळीला. रेल्वे, मोटार आणि शेवटी बैलगाडी मिळून दोन दिवसांची वाट. आठ-दहा दिवस राहायचे आणि पुन्हा निघायचे. एक लेक झाली, मोठी झाली, ढोकीला दिली. हे सगळं अप्पांनी सुट्ट्यांमध्ये, तुकड्यातुकड्यानं पाहिलं.

मी गावातला मास्तर. शाळेच्या एका कोपऱ्यात टपालाची पेटी होती आणि ते टपालही माझ्याच गळ्यात होतं. गंगाक्कांना अक्षर येत नव्हतं. म्हणून अप्पांची पत्रं वाचून दाखवायची आणि अक्का सांगतील ते उत्तर लिहायचं, हे काम मी दहा-बारा वर्षं केलं. दोघांच्या संसारात माझी जागा तेवढीच, पण ती जागा मोठी मोक्याची होती.

अप्पांची पत्रं मोडीत असत, मधूनमधून उर्दू पेरलेली, आणि भलतीच लांब. एक पत्र वाचायला बसलो की बाहेर पोरं दोन बेरजा, एक कविता आणि तीन मारामाऱ्या उरकायची. विषय मात्र कायम एकच: नोकरी सुटल्यावर काय करायचं. निजामी अमलात नोकरी संपली की वजिफा, म्हणजे पेन्शन, मिळायचा, आणि वजिफा घेऊन घरी बसलेल्या माणसाला वेगळाच मान असायचा. अप्पांनी त्या दिवसांसाठी एक कोरी वहीच बांधली होती. लाल कातड्याची पाठ, कापडाच्या कडा, आणि वर सोनेरी अक्षरं: फुरसतनामा. रोज संध्याकाळी ते त्यात एखादं कलम चढवत, आणि ते कलम जसंच्या तसं पत्रात उतरवून धाडत.

घराला पुढं दोन खणांची बैठक काढायची. तिला पत्र्याचं छप्पर, कारण मातीचं माळवद दर पावसाळ्यात गळतं आणि गळकं माळवद पुस्तकांना सोसत नाही. ओट्याची उंची अशी, की बसल्यावर पाय टेकले पाहिजेत पण कुत्र्याला चढता येऊ नये. परसात एक कलमी आंबा, नोकरी संपायच्या बराच आधी लावायचा, म्हणजे पहिलं फळ वजिफ्याच्या पहिल्या उन्हाळ्यात हातात यावं. आणि मग दिवसाचं वेळापत्रक. पहाटे उठणे. लिंगपूजा. चालणे. ओट्यावर बसणे. जेवण. वामकुक्षी. आणि पुढं, मी शपथेवर सांगतो, असं होतं: दुपारी तीन ते चार, कुटुंबाशी बोलणे.

कुटुंब म्हणजे गंगाक्का. त्या काळी बायकोला नावानं कोण लिहायचं?

मी हे वाचलं आणि वर बघायचं धाडस केलं नाही. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात खुरपं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"लिव्हा. तीन वाजता म्या रानात असते."

"आणखी काय लिहू?"

"कशाला? त्येवढंच तर इचारलंय."

अक्कांची उत्तरं सगळी अशीच. तिकडून चार पानं यायची आणि इकडून एक ओळ जायची. ओट्याच्या उंचीबद्दल: कुत्रं मेलं. आंब्याबद्दल: लावला, शेळीनं खाल्ला, दुसरा लावला. बैठकीबद्दल: भिंत उभी हाय, पत्रा न्हाय. मला लाज वाटायची. एकदा मीच पदरची भर घातली, 'तुमची फार आठवण येते' असं. वाचून दाखवताना खालमानेनं तीही ओळ वाचली. अक्का म्हणाल्या, "ते खोडा. त्यांला ठाव हाय."

मी खोडलं.

अप्पांचा एक शब्द होता, हाशिया. पानाच्या कडेला कोरी सोडतात ती जागा. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ हाशिया न सोडण्यात आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. "मास्तर, बिगर हाशियाचं पुस्तक हातात धरून बघा," ते म्हणायचे. "अंगठा कुठं ठेवणार? अक्षरावरच ना? मग वाचणार काय?" ते ताटात भाकरी आणि कालवणाच्या मधे हाशिया सोडत. गाडी सुटायच्या आधी चार तासांचा हाशिया सोडून निघत. लेकीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या चारी बाजूंनी एवढा हाशिया सोडला, की निम्मी वऱ्हाडी मंडळी मांडवाबाहेर उन्हात जेवली.

आणि बांधणी तर विचारूच नका. एका सुट्टीत त्यांनी आमच्या शाळेची हजेरीची वही बांधून दिली. ती पोरांनी विहिरीत टाकली. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढताना सापडली. उघडली तर आत सगळी पोरं हजर. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. म्हणाले, "पाण्याचं काय घेऊन बसलात? माझी जिल्द आगीत घाला. वाट बघून आगच विझंल."

दुसऱ्या एका सुट्टीत त्यांनी आपलं जन्माचं टिपणही बांधलं. मठातल्या स्वामींनी त्यांच्या वडिलांना लिहून दिलेला हाताएवढा कागद: तिथी, वार, साल. तेवढ्या कागदाला अप्पांनी दुहेरी पुठ्ठा चढवला, वर काळं कातडं, आणि चारी कोपऱ्यांना पितळेच्या टोप्या. "एवढ्याशा कागदाला?" मी विचारलं. "माणसाचा पुरावाच एवढासा असतो, मास्तर," अप्पा म्हणाले आणि ते देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवून दिलं.

एका दिवाळीला त्यांनी वजिफ्याची तालीम केली. सलग चार दिवस फुरसतनाम्याप्रमाणं वागायचं ठरलं. पहाटे उठले, चालले, ओट्यावर बसले, जेवले, झोपले. तीनला खिशातलं घड्याळ बघून उठले, बोलायला कुटुंब शोधलं, ते घरात नव्हतं. कसं असणार? मग छत्री उघडून निघाले रानात. अक्का बायकांच्या ओळीत खुरपत होत्या. अप्पा ओळीच्या कडेनं, छत्री धरून, आडवे आडवे चालत एक तास बोलले. बायकांनी पदर तोंडात कोंबले. एक म्हणाली, "गंगाक्का, तुमचं मालक पिकाला भाषण देत्यात व्हय?" चार वाजले. अप्पांनी घड्याळ मिटलं, "बरं मग," म्हणाले आणि घरी आले. संध्याकाळी मी अक्कांना विचारलं, काय बोलले अप्पा?

"बोलले," अक्का म्हणाल्या.

असा सगळा पक्का बेत असताना ती चिठ्ठी आली. विद्यापीठाच्या दफ्तरातून अप्पांना कळवण्यात आलं, की आपलं वय पंचावन्न पूर्ण होत आहे, आपली खिदमत संपली, वजिफा मंजूर आहे.

चूक कुणाची? अप्पांचीच. लागताना एक कागद भरायचा होता. आमच्याकडं जमिनीचे, साऱ्याचे सगळे कागद फसली सालात चालायचे, त्यामुळं गावात ज्याला त्याला आपला जन्म फसली सालात पाठ. त्या कागदावर मात्र साल हिजरी मागितलं होतं. दोन्ही सालांचे आकडे दिसायला सारखे, पण हिजरी सात-आठ वर्षं पुढं पळणारं, म्हणजे तोच आकडा हिजरीत मांडला की माणूस आठ वर्षं आधी जन्मतो. अप्पांनी सुंदर अक्षरात, चारी बाजूंनी हाशिया सोडून, हिजरीच्या रकान्यात आपलं फसली साल लिहिलं आणि एका फटक्यात आठ वर्षांनी म्हातारे झाले. ते कागद ज्या मोठ्या बुकात लावले होते, त्या बुकाची बांधणी बावीस वर्षांत दोनदा अप्पांनीच नव्यानं केली. पण जिल्दसाजानं आत बघायचं नाही, हा त्यांचा धर्म. बघितलं नाही.

दफ्तरातली माणसं भली होती. म्हणाली, जन्माचा कागद तीन महिन्यांत आणून दाखवा, दुरुस्ती करू, आणखी आठ वर्षं खुशाल राहा. अप्पांनी लागलीच पत्र टाकलं. ते पत्रही मीच वाचलं. पहिल्यांदाच ते एका पानाचं होतं. 'पेटीतलं टिपण काढून ठेवावे. मी येत आहे. ते दाखवले की पुन्हा जाणे होईल.'

अक्कांनी विचारलं, "पुन्ना किती दीस?"

"आठ वर्षं," मी म्हणालो.

मी लेखणी शाईत बुडवून बसलो होतो.

"काय लिहू?"

"काय न्हाय," असं म्हणून त्या गेल्या. इतक्या वर्षांत उत्तर न गेलेलं ते एकच पत्र.

आणि मग ती बैलगाडी, तो लिंब, ते सत्तेचाळीस. चावडीवर दात मोजून झाल्यावर आम्ही सगळे अप्पांच्या मागं त्यांच्या घरी गेलो. अप्पांनी देव्हाऱ्याखालची पेटी उघडली. आत विभूतीची पुरचुंडी होती, सासूचे चांदीचे वाळे होते, टिपण नव्हतं.

"उंदरानं न्हेलं आसंल," अक्का म्हणाल्या.

"चार पितळेचे कोपरे असलेलं बुक उंदीर नेईल?"

"तुमच्या वजनाचं असतील उंदीर. गळक्या घरात काय बी वाढतंय."

पुढचे दोन महिने त्या घरात जी शोधाशोध चालली तिला तोड नाही. कणगी रिकामी केली, गोठ्याची जमीन उकरली, शेजाऱ्याची भिंत चुकून पाडली. अक्का सगळ्यात पुढं. अप्पा दमून बसले तरी त्या कंदील घेऊन माळवदावर चढायच्या. मठातही विचारलं, पण टिपण लिहिणारे स्वामी केव्हाच समाधिस्थ झालेले, आणि मागं काही नोंद नव्हती.

अप्पा कासावीस. मला म्हणाले, "मास्तर, बैठकीला पत्रा न्हाय. लढाई लागलीय, पत्रा मिळत न्हाय. आंब्याला मोहोर न्हाय. फुरसतनाम्यातलं एक कलम तयार न्हाय. हितं मी करू काय? मला हितलं काय येतंय? गाय कुठली आपली हे मला सकाळी विचारावं लागतंय." एवढ्या दांडग्या आवाजाचा माणूस हे इतकं हळू बोलला, की मला दोनदा विचारावं लागलं. तेव्हा मला कळलं, की चार पानांची पत्रं लिहिणारा हा माणूस घरी यायला भीत होता.

मुदत संपायला आठवडा उरला. गावच्या पाच माणसांच्या सह्या घेऊन निदान अर्ज तरी धाडावा, म्हणून मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. अप्पा परसात, राखेच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते. धोतराच्या सोग्यानं काहीतरी बारीकसं घासत होते. मला बघून ते घड्याळाच्या खिशात टाकलं.

"अप्पा, अर्जी लिहायची ना?"

"राहू द्या."

"मुदत संपतीय."

"संपू द्या." ते उठले, गुडघे झाडले. घरात अक्का भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. अप्पा बराच वेळ तिकडं कान देऊन उभे राहिले. "हाशिया जरा मोठाच मिळाला म्हणायचा, मास्तर," ते म्हणाले आणि जेवायला आत गेले.

एवढा हट्टी माणूस एका दुपारीत कसा निवला, याचं मला नवल वाटलं. पण मी मास्तर; मला दुसऱ्यांचीच उत्तरं ठाऊक असतात.

त्यानंतर अप्पा गावचे झाले. शिकंजा बैठकीच्या बिनपत्र्याच्या भिंतींमध्ये मांडला आणि सरस उकळायला ठेवला. गावातली एकूण एक पोथी बांधली. पोथ्या संपल्यावर पाटलांच्या फाटक्या जोड्याला असा पुठ्ठा चढवला, की पाटील पुढं चार वर्षं वाकडे चालले पण जोडा झिजला नाही. गाय ओळखायला शिकले. आंबा सातव्या वर्षी धरला. तीन आंबे आले, त्यातला एक शेळीनं खाल्ला.

फुरसतनाम्यातलं एकच कलम मात्र शब्दशः पाळलं गेलं. रोज तीनला अप्पा छत्री घेऊन रानाकडं निघायचे. सुरुवातीला बायका हसल्या, मग हसायचं विसरल्या. शाळेच्या मागच्या खिडकीतून ती वाट दिसायची. एक गोष्ट मी खिडकीतूनच टिपली: 'तीन वाजता म्या रानात असते' म्हणणाऱ्या गंगाक्का अलीकडं पावणेतीनलाच बांधावर येऊन बसलेल्या असत. खुरपं खाली. तोंड गावाकडं. अप्पा दिसले की लगबगीनं उठून कामाला लागत, जणू सकाळपासून मान वर केली नाही.

निजामी गेली. मधले दिवस वाईट होते. हैदराबादकडच्या वाटा महिनोन्‌महिने बंद होत्या. मग सगळ्या कचेऱ्यांतून नवं, इसवी साल लागू झालं. अप्पा लिंबाखाली येऊन म्हणाले, "पाटील, आता ह्या सालानं माझं वय किती?"

"मधलं धरा," पाटील म्हणाले.

पुढच्याच उन्हाळ्यात अप्पा गेले. दोन दिवस ताप आला, एवढंच. खऱ्या सालानं धरलं, तर नोकरी संपवून त्यांनी घरी यायचा सुमार तोच होता.

मला ते शेवटचे दिसले ते त्याच खिडकीतून. ऊन रणरणत होतं. रान रिकामं, खुरपायला काही नव्हतं, तरी दोघं बांधावर होती. अक्का धसकटं वेचत होत्या आणि अप्पा शेजारून आडवे आडवे चालत, हातवारे करत बोलत होते. छत्री मात्र त्यांच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून ती त्यांनी अक्कांवर धरली होती.

महिन्याभरानं अक्कांनी मला बोलावलं. वजिफ्याचे कागद असतील तर बघा म्हणून ट्रंक पुढं ओढली आणि स्वतः सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसल्या. वर फुरसतनामा होता. त्याखाली एक जाडजूड, सोनेरी अक्षरांची, मी कधी न पाहिलेली जिल्द. उघडली. आत माझंच अक्षर. दहा-बारा वर्षांची अक्कांची उत्तरं, एकेका पानावर एकेक ओळ, भोवती भरपूर कोरी जागा. कुत्रं मेलं. भिंत उभी हाय. तीन वाजता म्या रानात असते. माझी खोडलेली ओळसुद्धा होती.

तळाशी घड्याळाची डबी होती. घड्याळाशेजारी पितळेचा एक कोपरा, घासूनही काळा राहिलेला.

मी तो तळहातावर घेतला. राखेचा ढीग आठवला.

"अक्का," मी म्हणालो, "ते टिपण सापडलं नव्हतं ना?"

अक्कांनी माझ्या हाताकडं बघितलं. सूप थांबलं नाही.

"हरवलं कुठं व्हतं? तुमी पत्र वाचलं त्याच सांजंला चुलीत घातलं. बांधणी लई पक्की. चार भाकरी झाल्या तरी जळंना."